वाडीपर्यंत पार्सल का येत नाही, आणि ते आणायचं कसं

राजापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: आमची वाडी तालुक्याच्या गावापासून २६ किलोमीटर आत आहे. बचत गटातर्फे आम्ही कोकम आगळ, फणसपोळी आणि कुळथाचं पीठ मुंबई-पुण्याला पाठवतो. काही मागवायचं म्हटलं आणि आमचा पिनकोड टाकला, की कधी ‘या ठिकाणी डिलिव्हरी उपलब्ध नाही’ असं येतं. कधी ऑर्डर घेतात, पण पार्सल ‘ग्राहक घरी नाही’ असा शेरा मारून परत जातं. कुरिअरवाला म्हणतो, तालुक्याला येऊन घेऊन जा, नाहीतर वर १०० रुपये द्या. शहरातल्या माणसाइतकेच पैसे आम्ही भरतो, मग हा अन्याय नाही का? आणि आम्ही करायचं काय?

ताई, अन्याय आहेच. पण तुम्ही एका दमात तीन वेगळी दुखणी सांगितली आहेत. पिनकोडच बंद दिसणं हे एक. माल तालुक्यापर्यंत येऊन दारापर्यंत न येणं हे दुसरं. आणि तुमचा माल वाडीतून बाहेर काढणं हे तिसरं. तिघांचे धनी वेगळे, म्हणून एकाच माणसाशी भांडून तिन्ही सुटत नाहीत. मी या धंद्यात १९ वर्षं आहे. आधी एसटी स्टँडवर पार्सलं चढवली-उतरवली, मग कुरिअरची एजन्सी घेतली, आता दक्षिण कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी डिलिव्हरी सेंटर चालवतो. हाताखाली ११ पोरं आहेत. म्हणजे तुम्ही ज्या बाजूवर चिडला आहात, त्याच बाजूला मी उभा आहे. तिथून जे दिसतं ते सांगतो.

आधी पिनकोड. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. सहा आकड्यांतले पहिले तीन टपालाची छाननी कुठे होणार ते सांगतात आणि शेवटचे तीन ते कुठल्या डाकघरातून वाटलं जाणार ते सांगतात. तुमचा तालुका रत्नागिरी जिल्ह्यात, पण पिन ४१६ ने सुरू होतो, कोल्हापूरसारखा. कारण पिन टपालाच्या वाटा बघून दिलेला आहे, जिल्ह्याच्या हद्दी बघून नाही. एका पिनखाली एक वाटपाचं डाकघर आणि त्याला जोडलेली अनेक शाखा डाकघरं येतात. त्यामुळे हायवेला लागून असलेलं गाव आणि नदीपलीकडची तुमची वाडी, दोघांचा पिन एकच असू शकतो.

पोस्टाला याची अडचण नव्हती, कारण प्रत्येक शाखेत त्यांचा माणूस होता. खासगी कंपन्यांनी मात्र हाच आकडा दिव्याच्या बटणासारखा वापरला. पिन चालू तर सगळी गावं चालू, बंद तर सगळी बंद. तुमच्या वाडीकडून पार्सलं परत जायला लागली, की कधी कधी अख्खा पिन बंद होतो आणि हायवेवरच्या गावालाही त्याची झळ बसते. उलटही होतं. हायवेवरच्या गावामुळे पिन चालू राहतो, तुमची ऑर्डर बिनदिक्कत घेतली जाते आणि मग ती आमच्या सेंटरच्या रॅकवर पडून राहते. तुमच्या बाबतीत कधी असं, कधी तसं होतंय त्याचं कारण हे.

पोस्टाने २७ मे २०२५ ला डिजिपिन आणला आहे. जवळजवळ चार बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा स्वतःचा पत्ता. घर सापडायला त्याचा उपयोग होईल. पण घर सापडत नाही ही तुमची मुख्य अडचण नाही. आमच्या पोरांना तुमची घरं नावानिशी माहीत असतात.

आता दुसरं दुखणं. इथे जरा जास्त बोलतो, कारण खरी मेख इथे आहे. लोकांना वाटतं गाव लांब आहे म्हणून पार्सल येत नाही. लांब तर मुंबईही आहे. भिवंडीच्या गोदामातून आमच्या तालुक्यापर्यंत माल रात्रीत येतो, कारण ट्रक भरलेला असतो. घोडं अडतं ते शेवटच्या फेरीत, आणि फेरीत पार्सलं किती यावर.

माझ्याकडचा हिशेब उघड करतो. बाजारपेठेत एक पोरगा तीन किलोमीटरच्या आत दिवसाला ६० ते ७० पार्सलं टाकतो. पोचवलेल्या प्रत्येक पार्सलामागे त्याला १६ रुपये मिळतात, पेट्रोल त्याचं त्याने घालायचं. आता तुमच्यासारख्या वाडीची फेरी धरा. जाऊन-येऊन ५२ किलोमीटर, बाईक लिटरला ४५ देते, पेट्रोल १०५ च्या आसपास, म्हणजे १२० रुपये तेलात गेले. हातात पार्सलं नऊ, त्यांचे १४४ रुपये झाले. चढ-उतार, कच्चा रस्ता, रेंज नाही म्हणून हाका मारत फिरणं, यात अर्ध्याहून जास्त दिवस गेला आणि पोराच्या हातात उरले २४ रुपये. त्यातली दोन घरं भाताच्या खळ्यावर गेलेली असली तर तेवढेही नाहीत.

तरीही संध्याकाळपर्यंत प्रत्येक पार्सलावर काहीतरी शेरा पडलाच पाहिजे असा वरून दट्ट्या असतो. पडून राहिलेलं पार्सल सेंटरच्या खात्यावर डाग म्हणून दिसतं. ‘आज फेरी परवडत नव्हती’ असा शेरा मोबाइलच्या यादीत नाहीच. यादीत आहे ‘ग्राहक उपलब्ध नाही’, ‘दार बंद’, ‘ग्राहकाने तारीख पुढे ढकलली’. पोरगा त्यातला एक दाबतो. बहुतेक ठिकाणी असे तीन शेरे झाले की पार्सल परतीच्या वाटेला लागतं.

हे चूक आहे, आणि माझ्याच सेंटरवर ते बरेच दिवस चाललं होतं. जूनमध्ये, लावणीच्या तोंडावर, एका शेतकऱ्याने पॉवर टिलरचा पट्टा मागवला होता. आमच्याकडे तो आला, दोनदा ‘दार बंद’ पडलं, तिसऱ्यांदाही पडलं आणि पट्टा भिवंडीला परत गेला. चौथ्या दिवशी ते गृहस्थ भिजत आमच्या ऑफिसात आले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून मोबाइल काढला, काउंटरवरच्या वजनकाट्यावर ठेवला आणि तो मेसेज माझ्यासमोर धरला. आवाज चढवला नाही. म्हणाले, “दार बंद लिवलाव. आमच्या घराक दिवसाचा दार लावूची पद्धतच नाय.” त्यांचा टिलर आठ दिवस उभा राहिला. शेजाऱ्याच्या बैलांवर लावणी निभावली, पण रोपं वर गेली होती. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: फोन लागल्याशिवाय किंवा घराच्या अंगणात उभं राहून फोटो काढल्याशिवाय शेरा मारायचा नाही. आणि आतल्या वाड्यांचे वार ठरवून दिले, मंगळवार आणि शुक्रवार. पार्सल बुधवारी आलं तर ग्राहकाला त्याच दिवशी फोन करून सांगतो की शुक्रवारी येईल. दोन दिवस उशीर झाला म्हणून अजून कुणी भांडायला आलेलं नाही. लोक भांडतात ते खोट्या शेऱ्यावर.

तुमच्या १०० रुपयांचं उत्तरही यातच आहे. कुरिअरच्या धंद्यात अशा गावांना ‘ओडीए’ म्हणतात, म्हणजे नेहमीच्या वाटपाच्या हद्दीबाहेरचं गाव, आणि त्यासाठी जादा आकार लावायची पद्धत जुनी आहे. हा आकार बुकिंगच्या वेळी, पैसे घेण्याआधी सांगितला आणि पावतीवर लिहिला, तर तो महाग वाटला तरी सरळ व्यवहार आहे. घ्यायचं की नाही ते तुमच्या हातात राहतं. पण घरपोच म्हणून पैसे घेतले, माल तालुक्याला आणला आणि तिथे अडवून १०० रुपये मागितले, तर ती अडवणूक आहे. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. ‘पावती द्या, मग देते’ एवढं म्हटलं तरी निम्म्या ठिकाणी मागणी गळून पडते, हे मी आतल्या माणसाच्या अनुभवाने सांगतो.

कायद्याचं थोडक्यात. अमुक गावात सेवा दिलीच पाहिजे, असं बंधन खासगी कुरिअरवर नाही. त्यामुळे ‘उपलब्ध नाही’ या पाटीविरुद्ध तुमच्या हातात फारसं काही नाही. पण एकदा पत्ता बघून पैसे घेतले की सेवा देणं बंधनकारक होतं. न दिल्यास ती ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेतली त्रुटी. ऑनलाइन विक्रेत्यांसाठी २०२० चे वेगळे नियम आहेत: तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार मिटवायची. म्हणून तक्रार आमच्यासारख्या सेंटरवर तोंडी करून थांबू नका. जिच्याकडून वस्तू घेतली त्या कंपनीकडे लेखी करा, खोट्या शेऱ्याचा स्क्रीनशॉट जोडा आणि त्या दिवशी तुमच्या फोनवर कॉल आला नव्हता हे दाखवणारी कॉलची यादीही जोडा. तरी हललं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. त्याच्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, कंपनीच्या गावी जावं लागत नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पोस्टाची गोष्ट निराळी. त्यांची जबाबदारी कायद्यानेच मर्यादित ठेवली आहे, तिथे खात्याच्या तक्रार पोर्टलवरून किंवा केंद्र सरकारच्या ‘सीपीग्राम्स’ या तक्रारींच्या संकेतस्थळावरून जावं लागतं.

आता पोस्ट. मी पोस्टाचा स्पर्धक आहे, तरी तुमच्यासारख्या वाडीला मी आधी पोस्टाचंच नाव सांगेन. देशात १ लाख ६४ हजारांहून जास्त डाकघरं आहेत आणि त्यातली दहातली नऊ खेड्यांत आहेत. कुठल्याच कुरिअरकडे असं जाळं नाही. शिवाय पोस्टाचा दर वजन आणि अंतर बघतो. पत्ता खेड्यातला आहे म्हणून वर काही लावत नाही. २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, त्यामुळे जुन्या सवयीने ‘रजिस्टर करा’ म्हणाल तर गोंधळून जाऊ नका. शाखा डाकघरात हँडहेल्ड यंत्र असतं, बुकिंग तिथेच होतं. विक्रेत्याला ऑर्डर देतानाच ‘माझ्या पत्त्यावर पोस्टाने पाठवा’ म्हणून सांगा. छोटे विक्रेते बहुधा ऐकतात, मोठ्या संकेतस्थळांवर तशी निवड बहुधा नसते.

पोस्टाच्या मर्यादाही माहीत असू द्या. शाखा डाकघर दिवसाला चार-पाच तासच उघडं असतं, कारण ग्रामीण डाकसेवकाची नोकरीच तेवढ्या तासांची. तेवढ्यात त्याने बॅग उघडायची, पैशांचे व्यवहार करायचे आणि वाटपालाही निघायचं. उपडाकघरातून शाखेची बॅग निघते ती एसटीच्या नाहीतर टपाल नेणाऱ्या माणसाच्या वेळेवर. ती वेळ चुकली की एक दिवस गेला. आठ-दहा किलोचं खोकं खांद्यावर घेऊन घाटी चढणाऱ्या डाकसेवकाला मी पाहिलं आहे. त्याच्याशी नीट बोला, जड पार्सल येणार असेल तर आधी सांगा, शाळेपर्यंत खाली उतरून घ्या. तुमच्या वाडीचा सगळ्यात भरवशाचा दुवा तोच आहे.

तिसरं, तुमचा माल बाहेर पाठवणं. इथे पैसे वाया जातात ते बहुतेक खोक्यात. कुरिअर काट्यावरचं वजन आणि आकाराचं वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे घेतं. आकाराचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. समजा फणसपोळी आणि पीठ मिळून माल साडेतीन किलो आहे आणि तुम्ही वाण्याकडून मिळालेल्या ४० बाय ३० बाय २५ च्या खोक्यात भरला. गुणाकार ३० हजार, भागिले ५ हजार, झाले सहा किलो. अडीच किलो हवेचे पैसे गेले. तोच माल ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात बसवलात तर आकाराचं वजन तीन किलो येतं आणि पैसे साडेतीनचेच लागतात. दोन मापांची खोकी ठरवून एकदम शंभर घ्या आणि मालाची पाकिटं त्या मापाला बसतील अशी करा. खोक्यासाठी पाकीट बदलणं उलटं वाटेल, पण दर पार्सलाला फरक पडतो.

आगळ काचेच्या बाटलीत पाठवू नका. जाड प्लॅस्टिकचा कॅन, बुचाखाली सील, कॅन बंद पिशवीत, आणि भोवती आंब्याच्या पेटीत घालता तसा पेंढा किंवा चुरगळलेला कागद. भरलेला कॅन बुचावर उलटा करून रात्रभर ठेवा. सकाळी बाहेरून कोरडा असला तरच पाठवा. आगळाचा एक कॅन फुटला की बॅगेतली दुसऱ्यांची पार्सलं लाल होतात, आणि मग सेंटरवाला तुमच्या गटाचा मालच घेईनासा होतो. मी स्वतः एका गटाचा माल दोन महिने बंद केला होता, त्याचं कारण एवढंच होतं.

मुंबईत तुमचा एकच दुकानदार महिन्याला ४० किलो घेत असेल तर कुरिअरच्या नादी लागूच नका. एसटीच्या पार्सलने स्टँड ते स्टँड पाठवा. घेणाऱ्याला स्टँडवर यावं लागतं, पण एवढ्या मालासाठी दुकानदार येतो. लक्झरीच्या ड्रायव्हरकडे देण्याची आपल्याकडे सवय आहे. घरच्या चाकरमान्याला पेटी पाठवायला ते ठीक, पण पावती नाही, माल हरवला तर विचारायला माणूस नाही, म्हणून गिऱ्हाइकाचा माल तसा पाठवू नका.

सगळ्यात जास्त फरक पडेल ती गोष्ट आता सांगतो. फेरीत पार्सलं वाढवा. आमच्याकडे चार वाड्यांच्या तिठ्यावर एक किराणा दुकान आहे. दुकानदाराशी बोलून आम्ही त्या चार वाड्यांची पार्सलं तिथे उतरवायला लागलो. त्याला पार्सलामागे ५ रुपये. पोरगा ५२ ऐवजी ३४ किलोमीटर फिरतो, आठवड्यातून दोनदा, आणि एका फेरीत २८-३० पार्सलं एकाच जागी देतो. हिशेब पुन्हा मांडतो: २८ पार्सलांचे ४४८ रुपये, तेलाचे ८०, दुकानाचे १४०, उरले २२८. तेही दुपारच्या आत. ज्या फेरीला पोरं तोंड लपवत होती, ती आता मागून घेतात. येताना तोच पोरगा गटाचा माल उचलून आणतो. परतीची बाईक नाहीतरी रिकामीच यायची.

पण यातही काळजी घ्या. जागा निवडताना ती कोणाच्या वाडीत आहे, कोणाच्या घरची आहे, हे बघा. बौद्धवाडीतली, धनगरवाड्यावरची माणसं ज्याच्या ओटीवर संकोच न करता चढतात, बायका-मुली दुपारी एकट्या जाऊ शकतात, अशीच जागा हवी. आमची पहिली जागा या एका कारणाने फसली. दुकान रस्त्यावर होतं, सोयीचं होतं, पण दोन वाड्यांतलं कुणीच तिथे फिरकत नव्हतं आणि त्यांची पार्सलं तशीच परत जात होती. मला हे कळायला महिना लागला, कारण ते कोणी बोलून दाखवत नव्हतं. दुसरं म्हणजे पाकिटात काय आहे याची चर्चा दुकानात होता कामा नये. आणि औषधं, म्हाताऱ्या-आजारी माणसांचं सामान, ओटीपीची महागडी वस्तू हे घरीच गेलं पाहिजे. ते तिठ्यावर ठेवणं म्हणजे सोय नव्हे, जबाबदारी झटकणं आहे.

हे तुमच्याकडे जमेल की नाही ते तीन-चार गोष्टींवर आहे. आजूबाजूच्या वाड्या धरून आठवड्याला निदान २० पार्सलं येतात का. पावसात तिठ्यापर्यंतचा रस्ता चालू असतो का. तिथे मोबाइलला रेंज आहे का, कारण रेंज नसेल तर जागेवर ओटीपी घेता येत नाही. आणि तालुक्याचा सेंटरवाला ऐकणारा आहे का. तो एकट्या गिऱ्हाइकाचं ऐकणार नाही, पण चार वाड्यांची आणि बचत गटाची सह्यांची यादी घेऊन गेलात, ‘मंगळवार-शुक्रवार या, सगळं एका जागी देतो, आमचा मालही तुम्हीच न्या’ म्हणालात, तर त्याला त्यात धंदा दिसेल. सकाळी गाडी उतरायच्या वेळी जाऊ नका, तेव्हा त्याला बोलायला फुरसत नसते. दुपारी तीननंतर जा.

जायच्या आधी एक महिना वहीत नोंद ठेवा: कोणाचं पार्सल, कुठल्या कंपनीचं, आलं की परत गेलं, शेरा काय पडला. ती वही तक्रारीलाही कामाला येते आणि सेंटरवाल्यासमोरही. तुमच्याकडे एसटी किती वाजता येते, उपडाकघर कुठलं, आणि गटाचा महिन्याचा माल किती किलो, हे कळवलंत तर खोक्याची मापं आणि फेरीचे वार मी बसवून देतो.